सांभाळायला दिलेले शेअर

देवेश गेला तो क्रिकेट खेळताना. भिसेगावच्या पोरांनी फेब्रुवारीत टेनिस बॉलच्या स्पर्धा भरवल्या होत्या आणि त्यात चाळिशी ओलांडलेल्यांचा एक गमतीचा सामना ठेवला होता. देवेश सीमारेषेवर उभा होता. चेंडू त्याच्याकडे आला, त्याने अडवला, फेकला आणि तो खाली बसला. दम लागला असेल म्हणून लगेच कुणी त्याच्याकडे गेलं नाही. पुढची ओव्हर सुरू झाली तरी तो उठेना, तेव्हा माणसं धावली.

त्याच्यामागे घरात तिघी राहिल्या. आई गौराबाई, बायको हर्षला आणि नऊ वर्षांची जुई. थोरली बहीण जागृती लग्न होऊन खालापूरला होती. तिथे एका खासगी दवाखान्यात ती नर्स होती. नवरा साईनाथ माथेरानच्या हॉटेलांना भाजीपाला आणि किराणा पुरवायचा. त्याचा टेंपो दस्तुरीपर्यंत जायचा, तिथून पुढे माल घोड्यांवर चढायचा.

बाराव्या-तेराव्याची धावपळ संपली, आणि कर्जत स्टेशनजवळच्या शेअर दलालाच्या कचेरीतून जागृतीला फोन आला. रूपाली म्हणून एक बाई तिथलं काम बघायची. ती म्हणाली, "देवेश सरांच्या डीमॅट खात्याला नॉमिनी तुम्ही आहात. मृत्यूचा दाखला घेऊन या."

"मी कशी? हर्षला असेल."

"नाही ताई, तुमचंच नाव आहे. खातं लग्नाआधीचं आहे त्यांचं. नंतर बदलायचं राहून गेलं असेल."

जागृतीला आठवलं. देवेशला खोपोलीच्या कारखान्यात नोकरी लागली त्या वर्षी त्याने तिचं पॅन कार्ड मागून घेतलं होतं. "कशाला रं?" तिने विचारलं होतं. "असंच. एक नाव लागतं," तो म्हणाला होता. तेव्हापासून पगारातून थोडे थोडे करत तो शेअर घेत राहिला. घरात सगळ्यांना ते ठाऊक होतं, पण पंख्याच्या किंवा फ्रीजच्या खरेदीसारखी त्याची कधी चर्चा झाली नाही. शेअर दिसत नसत. कागदही नव्हता. देवेशच्या फोनमध्ये एक ॲप होतं, एवढंच.

रूपालीकडे जाताना जागृतीने हर्षलाला मुद्दाम बरोबर नेलं. रूपालीने समजावून सांगितलं, "नॉमिनी म्हणजे सांभाळणारा. शेअर आता जागृतीताईंच्या खात्यात येतील. पण खरे वारस म्हणजे बायको, मुलगी आणि आई. तिघींचा सारखा हक्क. ताईंनी ते पुढे तुम्हाला द्यायचे. बहिणीचा वाटा नसतो यात."

"बरोबर आहे," जागृती म्हणाली आणि दाखवेल तिथे सह्या करत गेली. हर्षला शेजारच्या खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन बसून होती. काम संपल्यावर तिने विचारलं, "माझी सही कुठे?"

"तुमची लागत नाही यात," रूपाली म्हणाली.

बाहेर येऊन दोघी उसाचा रस प्यायल्या. जुईच्या शाळेचं बोलल्या.

काही दिवसांनी शेअर जागृतीच्या खात्यात आले. ते ज्या सकाळी आले त्या सकाळपासून तिची झोप गेली म्हणायला हरकत नाही. आधी तिला वाटलं, एकदा बघून ठेवू. मग सवयच लागली. सव्वानऊला बाजार उघडला की दवाखान्यात पहिल्या पेशंटचा रक्तदाब घेता घेता तिचं लक्ष खिशातल्या फोनकडे जायचं. आकडे हिरवे असले की बरं वाटायचं, आणि आपल्याला बरं वाटलं म्हणून लगेच वाईट वाटायचं. लाल असले की दुपारचा डबा जायचा नाही. एकदा तर इंजेक्शन भरून ती तशीच उभी राहिली. डॉक्टरांनी दोनदा हाक मारली तेव्हा भानावर आली.

या शेअरांमध्ये देवेश सापडायचा. रंगाच्या कंपनीचे शेअर त्याने घर रंगवलं त्या वर्षी घेतलेले होते. बेअरिंग बनवणारी कंपनी त्याच्या कारखान्याला माल द्यायची. एक औषधाची कंपनी होती, ती जागृतीच्याच सांगण्यावरून. "ताई, तुमच्याकडं सगळ्यात जास्त कुठल्या गोळ्या लिहून देतात?" असं त्याने एकदा विचारलं होतं आणि तिने डाळ निवडता निवडता नाव सांगितलं होतं. त्या नावावर बोट ठेवून ती कितीतरी वेळ बसायची.

साईनाथने विषय काढला तो मे महिन्यात. माथेरानची हॉटेलं भरलेली होती आणि मालकांना आता भाजीबरोबर चिकन, पनीर, आइस्क्रीमही हवं होतं. त्यासाठी थंड पेटीची गाडी लागणार होती. बँकेत कर्जाची फाइल अडकली होती.

"शेअर गहाण ठेवून लगेच मिळतं," तो जेवताना म्हणाला. "विकायचं काय नाय. असतील तसे राहतील तुझ्या खात्यात. कर्ज फिटलं की मोकळे."

"माझे नाहीत ते."

"तुझ्याच नावावर हायत की. मी कुठं खातो म्हणतोय? दिवाळीपर्यंत दे. सीझन झाला की फेडतो."

ती नाही म्हणाली. दोन दिवसांनी त्याने परत विचारलं, परत नाही म्हणाली. साईनाथ आरडाओरडा करणारा माणूस नव्हता. तो नुसता विचारत राहायचा. कधी गाडीचा फोटो दाखवायचा, कधी हॉटेलवाल्याचा फोन स्पीकरवर टाकायचा. एकदा म्हणाला, "पहिला टेंपो घेतला तेव्हा कोण उभा राहिला माझ्यामागं? देवेशच ना? आज असता तर नाय म्हणाला असता?"

देवेश खरंच नाही म्हणाला नसता.

याच सुमारास हर्षलाचा फोन आला. "ताई, ते शेअर आमच्या खात्यांत कधी घ्यायचे? रूपाली म्हणते वारसाचे कागद झाले की लगेच होईल. मी वकिलांना विचारू का?"

"विचार ना," जागृती म्हणाली. पण त्याच दिवशी संध्याकाळी आईचा फोन आला. गौराबाई अंगणात येऊन हळू आवाजात बोलत होती.

"जागे, इतक्यात काय देऊ नको हिला. तुझ्याकंच राहू दे."

"का गं?"

"नेरळाहून तिची आई येऊन गेली. दोगी आत दार लावून बोलत व्हत्या. तिचं दुसरं करायचं चाललंय वाटतं. चौतिशीची पोर हाय, मी नाय कशाला म्हनू? पन उद्या जुईला नि शेअरांना घेऊन गेली तर माज्याकं काय राहील देवेशचं?"

जागृतीने आईला धड हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. हर्षलाला मात्र तिने सांगितलं, "दवाखान्यात सुट्टी मिळत नाही गं. पुढच्या महिन्यात बघू." पुढचा महिना आला, मग त्याच्या पुढचा. हर्षलाने फोन करणं कमी केलं. जागृतीला ते बरं वाटलं आणि ते बरं वाटणंच तिला टोचत राहिलं. ती स्वयंपाक करता करता गॅस बंद करून बाहेर यायची, ओट्यावर उभी राहायची, परत आत जायची. साईनाथ म्हणाला, "पायाला भिंगरी लागलीय तुझ्या."

शेवटी ऑगस्टमधल्या एका सकाळी ती हो म्हणाली. त्या दिवशी काही विशेष घडलं नव्हतं. नाही म्हणण्याचं बळ संपलं होतं, इतकंच. साईनाथने फायनान्स कंपनीचा अर्ज आधीच भरून ठेवला होता. शेअर तिचे, म्हणून कर्जही तिच्या नावावर. तिने फोन हातात धरला, ओटीपी आला, तिने स्वतः तो टाकला. पडद्यावर एक हिरवी खूण आली. साईनाथ म्हणाला, "बघ, झालं पण." आणि थंड गाडीचं टोकन द्यायला पनवेलला निघून गेला.

ॲपमध्ये देवेशच्या प्रत्येक कंपनीसमोर आता एक बारीक शब्द आला होता, तारण. जागृतीने तो एकदा वाचला आणि दवाखान्यात गेली. दुपारी तिने डॉक्टरांना डोकं दुखतंय म्हणून सांगितलं, स्कूटी काढली आणि पळसदरीच्या रस्त्याने कर्जतला निघाली. जाऊन काय बोलायचं ते तिला ठाऊक नव्हतं. खालापुरात थांबणं मात्र शक्य नव्हतं.

भिसेगावच्या घरी हर्षला आणि गौराबाई वालाचं बिरडं सोलत बसल्या होत्या. जुई शाळेत होती.

"आज कशी गं अवचित?" गौराबाई म्हणाली.

"अशीच." जागृतीही खाली बसली, मूठभर वाल घेतले, दोन सोलले आणि बाजूला ठेवले. "हर्षला, शेअर मी गहाण टाकलेत. आज सकाळी. ह्यांच्या गाडीसाठी."

हर्षलाचा हात थांबला. तिने वर पाहिलं नाही.

"पैसे अजून उचलले नाहीत," जागृती घाईने म्हणाली. "पण शेअर अडकलेत. मी सांगायला आले."

"सांगायला आलात," हर्षला म्हणाली. "विचारायला नाही."

"चुकलं माझं."

"ताई, तुम्हाला मी मे महिन्यापासून विचारतेय. तुम्हाला सुट्टी नाही, वकिलांना वेळ नाही, आणि फायनान्सवाल्यांसाठी एका सकाळी सगळं होतं?"

गौराबाईने सूप खाली ठेवलं. "तिला नको बोलू. मीच सांगितलं व्हतं, हर्षलाला इतक्यात देऊ नको म्हनून."

आता हर्षलाने वर पाहिलं. "तुम्ही? का?"

"तुजी आई आलेली ना. लग्नाचं बोलायला."

"आली होती. मी नाही म्हणून सांगितलं. दार लावून सांगितलं, कारण तुम्ही बाहेर बसला होता आणि मला तुमच्यासमोर तो विषयच नको होता." तिचा आवाज चढला नव्हता, पण हातातला वाल तिने इतका दाबला की तो फुटला. "मला एकदा विचारलं असतं कुणी. आईंनी तुम्हाला सांगितलं, तुम्ही भाऊजींना सांगितलं, भाऊजींनी कंपनीला सांगितलं. मी त्याच्याबरोबर बारा वर्षं राहिले. तो पहाटे उठून पेपरातली ती पानं वाचायचा तेव्हा चहा मी द्यायचे. कुठला शेअर घेतला ते आधी मला सांगायचा. आणि तो गेल्यावर कुठंच माझी सही लागत नाही. मला ते विकायचे नाहीत ताई. मला फक्त माझं नाव हवंय त्याच्यावर."

मग गौराबाई म्हणाली, "आनि माजं?"

दोघींनी तिच्याकडे पाहिलं.

"ती कचेरीतली बाय म्हनली ना, तिगींचा सारखा हक्क. मग माजं नाव लागंल का नाय? वरचं रान गेलं ते सासऱ्याच्या नावावर व्हतं, घर देवेशच्या बापाच्या नावावर. माज्या नावावर रेशन कारडात एक ओळ हाय फकस्त."

हर्षला म्हणाली, "लागेल आई. तुमचा तिसरा भाग आहेच. मी कधी नाही म्हटलं?"

"मंग तसंच करा," गौराबाई म्हणाली आणि सूप परत पुढे ओढलं.

जागृती घरी परतली तेव्हा साईनाथ खुशीत होता. टोकन देऊन आला होता. तिने उभ्याउभ्याच सांगितलं, "मी पैसे उचलणार नाही. उद्या कंपनीला कळवून कर्जाचं खातं बंद करते. शेअर सुटले की त्यांचे त्यांना देऊन टाकते."

तो बघत राहिला. "टोकन परत मिळणार नाय."

"माहीत आहे."

"लोकांना काय सांगू? हॉटेलवाल्यांना शब्द दिलाय मी." मग तो जरा थांबून म्हणाला, "देवेशनं दिलं असतं."

"दिलं असतं. त्याचं होतं, त्यानं दिलं असतं. मी देवेश नाही हो."

साईनाथ उठला आणि टेंपोत जाऊन बसला. इंजिन सुरू केलं नाही, नुसता बसला. पुढचे कित्येक दिवस तो कामापुरतं बोलायचा. टोकन बुडालं ते बुडालंच. ज्या हॉटेलवाल्याचा सगळ्यात मोठा माल होता त्याने बदलापूरचा माणूस धरला. जागृतीला हे सगळं दिसत होतं. आपण नवऱ्याचं नुकसान केलं आणि भावजयीचाही विश्वास घालवला, असं तिला एकाच वेळी वाटत राहायचं. रात्रीचं राहू दे, दिवसासुद्धा ती एका जागी टिकत नव्हती.

तारण सुटायला वेळ लागला. मग खालापूरच्या वकिलांनी वारसांचे कागद केले आणि एका सोमवारी सगळ्या रूपालीच्या कचेरीत जमल्या. हर्षलाचं खातं, जुई अल्पवयीन म्हणून तिचं हर्षलाच्या देखरेखीखालचं खातं आणि गौराबाईचं खातं. गौराबाई इरकली नेसून आली होती. तिचा फोटो काढताना रूपालीने तिला चष्मा काढायला सांगितला, तर तिने डोळेच मिटले. परत काढावा लागला.

"आजी, नॉमिनी कोण लावायचा?" रूपालीने विचारलं.

"म्हंजी माज्यामागं सांभाळनारं?"

"हो."

गौराबाईने जागृतीकडे पाहिलं नाही. "हर्षला," ती म्हणाली. "हर्षला देवेश, असं पुरं लिवा."

योग्य तेच झालं होतं, हे तिला कळत होतं. तरी ती पाणी प्यायच्या निमित्ताने उठून बाहेरच्या जिन्यात गेली. थोड्या वेळाने हर्षला तिच्यामागे आली. "ताई, माझ्या खात्याला मला तुमचं नाव लावायचं होतं," ती म्हणाली. "पण आता मनाची तयारी होत नाही. जुईचंच लावलंय."

"बरोबर केलंस."

"रागावू नका."

"नाही गं." आणि ती खरंच रागावली नव्हती. तिला फक्त तिथून निघायचं होतं.

दसऱ्याला साईनाथ आणि जागृती सोनं द्यायला भिसेगावला गेले. साईनाथ सासूला मामी म्हणायचा. पाया पडून तो परत निघायच्या बेतात होता, तेव्हा गौराबाई म्हणाली, "जावई, बसा जरा. ती थंडीची गाडी अजून घ्यायचीय का?"

साईनाथने जागृतीकडे पाहिलं. तिने मान हलवली, तिला काहीच ठाऊक नव्हतं.

"घ्यायची तर हाय," तो म्हणाला. "पण जाऊ दे मामी, तो विषय संपला."

"माज्या भागातले गहान ठेवा. हर्षलाच्या नि जुईच्या भागाला हात नाय लावायचा. आनि करज तुमच्या नावावर. माज्या पोरीच्या नावावर नको."

"आई, हे काय?" जागृती उभीच राहिली. "तुला कळतंय का, भाव पडला तर कंपनी शेअर विकून टाकते. विचारत बसत नाही. तुझे जातील."

"मला हर्षलानं सगळं सांगितलंय. पडंल त्या दिशी बघू."

"मग हे आधी का नाही बोललीस?"

"आदी माजं व्हतं का? आनि यांनी मला इचारलं कदी? तुला इचारलं. माज्यापाशी आले असते तर मी तवाच बोलले असते." मग ती साईनाथकडे वळली. "मी देतेय ते उसनं देतेय. दर महिन्याला येऊन किती फिटलं ते सांगायचं. फोनवर नाय, हितं येऊन."

साईनाथ खाली मान घालून बसला होता. मग म्हणाला, "येईन."

हर्षला दारात उभी राहून ऐकत होती. तिने विरोध केला नाही. जागृतीला सोडायला फाटकापर्यंत आली तेव्हा म्हणाली, "त्यांचं आहे ताई. त्यांना देऊ दे."

थंड गाडी आली. साईनाथचा धंदा पुन्हा सुरू झाला. दर महिन्याला तो भिसेगावला जाऊन हप्त्याचं सांगून यायचा. जागृतीच्या खात्यात आता एकही शेअर उरला नव्हता, पण जीव काही जागेवर आला नाही. आता काळजी आईच्या भागाची होती, आणि त्यावर तिला बोटसुद्धा ठेवता येत नव्हतं. फोनमधलं ॲप तिने काढून टाकलं, तर दवाखान्यातल्या टीव्हीवर बातम्यांच्या खाली धावणारी पट्टी ती वाचायला लागली.

जानेवारीत बाजार सलग काही दिवस घसरला. एके सकाळी पट्टी नुसती लाल होती. तिने आईला फोन लावला, तो उचलला गेला नाही. हर्षलाचा व्यस्त लागला. साईनाथचा बंद. ती डॉक्टरांना सांगून निघाली. वाटेत खोपोलीच्या बाजूने येणाऱ्या ट्रकांची रांग लागली होती. स्कूटी साइडपट्टीवरून काढताना तिचा आरसा एका रिक्षाला घासला. रिक्षावाला काहीतरी बोलला, तिने ऐकलं नाही.

भिसेगावला दारात थंड गाडी उभी होती. आत साईनाथ जमिनीवर बसला होता, समोर हर्षला फोन घेऊन.

"काय झालं?" जागृतीने उंबऱ्यातूनच विचारलं.

"कंपनीचा मेसेज आला मामीला," साईनाथ म्हणाला. "तारण कमी पडतंय, उद्यापर्यंत भरा नायतर विकू. मी दस्तुरीवरून माल तसाच घेऊन खाली आलो."

"मग?"

"निम्मे मी भरलेत. हॉटेलवाल्यांकडून उचल घेतली. बाकीचे नाय जमले."

"बाकीच्यासाठी रंगाची कंपनी विकायला सांगितली," हर्षला म्हणाली. "आईंनीच सांगितलं. रूपालीने कंपनीशी बोलून तेवढेच काढायचं ठरवलंय."

रंगाची कंपनी. जागृती गौराबाईकडे बघत राहिली. गौराबाई भिंतीला टेकून बसली होती. तिचा चेहरा उतरला होता, पण आवाज साधा होता.

"देवेशनं घर रंगवलं तवाचे ते, हर्षलानं सांगितलं," ती म्हणाली. "गेले तर गेले. बाकीचे तरी राहतील."

"मी भरून देईन ते," साईनाथ म्हणाला. "तेवढेच शेअर परत घेऊन देईन तुमच्या खात्यात."

"द्याल तवा द्या. आता तुमचा माल इतळंल गाडीत. जावा आदी."

तो उठला. दारात जागृतीजवळ उभा राहून त्याने चपला घातल्या आणि तो निघून गेला. गाडी वळून रस्त्याला लागल्याचा आवाज आला.

हर्षलाच्या फोनवर विक्री झाल्याचा मेसेज आला. तिने तो गौराबाईला वाचून दाखवला. गौराबाईने भाव पुन्हा विचारला, हर्षलाने पुन्हा सांगितला.

"बस गं जागे," गौराबाई म्हणाली. "जेवून जा."

"दवाखान्यात जायचंय," जागृती म्हणाली. ती उभीच होती. तिने हर्षलाला विचारलं, "आता बाजार वर चाललाय की खाली?"

"बघितलं नाही," हर्षला म्हणाली आणि फोन पालथा ठेवून ताटं घ्यायला आत गेली.